त्रिकोण सोडताना

दहावीच्या त्रिकोणमितीत एक मनोरा असतो, त्याच्यापासून काही मीटरवर एक माणूस उभा असतो आणि त्याने टोकाकडे पाहिलं की होणारा उन्नत कोन हटकून ३०, ४५ किंवा ६० अंशांचा निघतो. ३७ अंशांत मान वर करणारा माणूस पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतो. मुलांना हे प्रकरण आवडतं, कारण त्यात मार्क मिळतात. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन, समोरची भागिले लगतची म्हणजे टॅन. पाच कोनांचं कोष्टक पाठ झालं की गाडी चालू लागते.

मग अकरावी येते. सायन्सला प्रवेश घेतलेल्या मुलापुढे थोड्याच दिवसांत साइन १५० अंश, कोसाइन २१० अंश, टॅन उणे ३० अंश अशी मंडळी येऊन उभी राहतात. काटकोन त्रिकोणात एक कोन नव्वदचा, म्हणजे उरलेल्या दोघांच्या वाट्याला मिळून नव्वदच. तिथे दीडशे अंशांचा कोन बसणार कुठे? आणि उणे कोन म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे आणि बहुतेकांच्या मनात तो येतोच. पण तोवर फळ्यावर सूत्रांची यादी सुरू झालेली असते, क्लासमध्ये कोणत्या चरणात काय धन हे लक्षात ठेवण्यासाठी ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’चा जप सुरू झालेला असतो आणि ‘हे असंच असतं’ म्हणून मूल पुढे जातं. ही पुस्तिका त्या गिळून टाकलेल्या प्रश्नासाठी लिहिली आहे.

त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: अकरावीत व्याख्या बदलते. साइन आणि कोसाइन हे आता बाजूंचं गुणोत्तर राहत नाहीत. वर्तुळावर फिरणाऱ्या बिंदूचे ते निर्देशक होतात. आरंभबिंदू मध्यावर ठेवून एक एकक त्रिज्येचं वर्तुळ काढा. एक्स-अक्षाच्या उजव्या टोकापासून निघा आणि घड्याळाच्या उलट दिशेने हवा तेवढा कोन फिरा. जिथे थांबाल तिथला एक्स-निर्देशक म्हणजे कोसाइन आणि वाय-निर्देशक म्हणजे साइन. झालं. घड्याळाच्या दिशेने फिरलात तर कोन उणे. एक फेरी पुरी करून आणखी ३७ अंश पुढे गेलात तर कोन ३९७ अंश, पण जागा तीच आणि म्हणून किमतीही त्याच. पहिल्या चरणात, म्हणजे शून्य ते नव्वद अंशांत, ही व्याख्या जुन्या व्याख्येशी तंतोतंत जुळते, कारण तिथे बिंदूतून खाली लंब टाकला की आपला ओळखीचा काटकोन त्रिकोणच तयार होतो आणि त्याचा कर्ण एक असतो. दहावीत शिकवलेलं काहीही खोटं ठरत नाही. ते एका मोठ्या आकृतीचा पाव भाग होतं, एवढंच.

पाठ्यपुस्तकात हे लिहिलेलं असतं. तक्रार इतकीच की ते एका परिच्छेदात उरकलं जातं आणि पुढची कित्येक पानं सूत्रांना दिली जातात. वजन नेमकं उलटं हवं होतं.

म्हणून पहिल्या प्रकरणाआधी एक काम करायला सांगतो. मिलिमीटरचा आलेख कागद घ्या आणि त्यावर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्रिज्या १० असल्यामुळे मोजलेल्या प्रत्येक लांबीला दहाने भागलं की साइन-कोसाइन मिळतील. आता कोनमापकाने ३७ अंश मोजून वर्तुळावर खूण करा. हा कोन मुद्दाम निवडला आहे: कोष्टकात तो नाही, पण फिजिक्सच्या उतरणीवर ठोकळा घसरायला लागला की तोच पुढे येतो. खुणेची उंची मोजा. ती सहा सेंटिमीटर भरेल. आडवं अंतर आठ. म्हणजे साइन ३७ सुमारे ०.६ आणि कोसाइन सुमारे ०.८. तीन-चार-पाचचा जुना त्रिकोणच दुप्पट होऊन आलेला आहे.

आता ही खूण वाय-अक्षाच्या पलीकडे, आरशात दिसावी तशी उमटवा. ती १४३ अंशांवर, म्हणजे १८० वजा ३७ अंशांवर पडते. उंची तीच सहा, आडवं अंतर उणे आठ. साइन बदलला नाही, कोसाइनचं फक्त चिन्ह बदललं. तीच खूण केंद्रातून आरपार नेली तर २१७ अंश येतात आणि दोन्ही निर्देशक उणे होतात. एक्स-अक्षाखाली उतरवली तर ३२३ अंश, म्हणजेच उणे ३७ अंश: आडवं अंतर आठ, उंची उणे सहा. चार खुणा, चार चरण आणि चिन्हांचा सगळा कारभार उघड्यावर. आता सिल्व्हर टी कप्सची गरज उरते का ते तुम्हीच ठरवा. कोणत्या चरणात काय धन आणि काय ऋण हे नववीपासून ठाऊक असलेल्या निर्देशकांच्या चिन्हांपलीकडे काही नाही.

आणखी दोन खुणा करायच्या आहेत. पहिली ५३ अंशांवर. इथे उंची आठ आणि आडवं अंतर सहा, म्हणजे ३७ अंशांच्या आकड्यांची अदलाबदल. ३७ आणि ५३ हे कोटिकोन आहेत, त्यांची बेरीज नव्वद; आणि एकाचा साइन हा दुसऱ्याचा कोसाइन असतो. दुसरी खूण १२७ अंशांवर, म्हणजे ३७ मध्ये नव्वद मिळवून. आडवं अंतर उणे सहा, उंची आठ. काटकोनातून फिरवल्यावर एक्सचा वाय झाला आणि वायचा उणे एक्स. ‘नव्वद अधिक थीटा’ची जी सूत्रं मुलांना सगळ्यात नकोशी वाटतात, ती या एका खुणेत सामावलेली आहेत. अलाईड अँगल्सची लांबलचक यादी म्हणजे या सहा खुणांचा अहवाल आहे. परीक्षेत सूत्र आठवलं नाही तर कच्च्या कामाच्या जागेत एक वर्तुळ काढायला अर्धं मिनिट पुरतं.

टॅनचं थोडं वेगळं आहे. टॅन म्हणजे वाय भागिले एक्स, म्हणजे केंद्रातून त्या खुणेकडे जाणाऱ्या रेषेचा चढ. ३७ आणि २१७ अंशांच्या खुणा एकाच रेषेवर आहेत, म्हणून त्यांचा टॅन एकच: पाऊण. साइन आणि कोसाइनला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला ३६० अंश लागतात, टॅनला १८० पुरतात, याचं कारण एवढंच. नव्वद अंशांवर एक्स शून्य होतो, शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे टॅन नाही. चढ म्हटल्यावर आठवलं: कर्जत ते लोणावळा रेल्वेघाटाचा सगळ्यात कठीण चढ ३७ ला १ असा आहे. टॅन १/३७ असलेला कोन जेमतेम दीड अंशाचा भरतो. कोनमापकावर तो दिसतही नाही आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. एखादा चौकस विद्यार्थी विचारील की ३७ मीटर हे जमिनीच्या पातळीवरचं आडवं अंतर की रुळावरून मोजलेलं, म्हणजे १/३७ हा टॅन की साइन? हिशेब करून पाहा. दोन्ही उत्तरांत अंशाच्या हजाराव्या भागाइतकाही फरक पडत नाही. लहान कोनांसाठी साइन, टॅन आणि वर्तुळावरचा कंस ही तिघं जवळजवळ एकच होतात.

या शेवटच्या गोष्टीवर आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कोष्टकांपैकी एक उभं आहे. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते आपण अभिमानाने सांगतो फार आणि उघडून पाहतो कमी. टॉलेमीने दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात कोनासमोरची पूर्ण जीवा घेऊन कोष्टक केलं होतं. भारतीय ज्योतिषांनी अर्धी जीवा घेतली. अर्धी घेतली की त्रिज्या, अर्धजीवा आणि केंद्रापासूनचं अंतर यांचा सरळ काटकोन त्रिकोण मिळतो आणि प्रत्येक वेळी दुप्पट-निमपट करण्याची कटकट वाचते. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त या अर्धजीवांमधले २४ फरक एका श्लोकात, अक्षरांनी अंक दाखवण्याच्या स्वतःच्या पद्धतीने बांधले आहेत. २४ च का? तीस अंशांची किंमत सहज काढता येते. तिचे अर्धे पंधरा, त्याचे साडेसात, त्याचे पावणेचार. पावणेचार अंशांच्या पावलांनी नव्वदपर्यंत जायला बरोबर २४ पावलं लागतात.

त्याने त्रिज्या धरली ३४३८. हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण वर्तुळाच्या परिघाचे ३६० गुणिले ६०, म्हणजे २१६०० कला केल्या आणि त्याच कलांत त्रिज्या मोजली तर ती ३४३८ च्या अगदी जवळ येते. कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजायची, हीच ती कल्पना. अकरावीत रेडियन म्हणून जे येतं आणि ‘हे कशाला?’ असा प्रश्न पाडतं, त्याच्या पोटात हेच आहे: त्रिज्येइतक्या लांबीचा कंस घेतला की केंद्राशी होणारा कोन एक रेडियन, सुमारे ५७.३ अंश. त्याच्या कला करा, ३४३८ च येतील.

कोष्टकातला पहिला फरक २२५ आहे. पावणेचार अंश म्हणजे २२५ कला, म्हणजे पहिल्या पावलाला कंस आणि अर्धजीवा एकच धरली आहे. घाटातल्या दीड अंशाचं तेच इथे. पुढे २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ असे फरक उतरत जातात. या आठांची बेरीज करा: १७१९. आठ पावलं म्हणजे तीस अंश आणि १७१९ म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मे. साइन ३० म्हणजे अर्धा, ही दहावीच्या कोष्टकातली ओळ इथे बेरजेतून हाती येते. आणखी पुढे गेलात तर साठ अंशांच्या अलीकडचा फरक ११९ आणि पलीकडचा १०६ आहे. त्यांची सरासरी ११२.५, म्हणजे पहिल्या २२५ च्या निम्मी. कोसाइन ६० अर्धा असतो! साइन किती वेगाने वाढतो हे कोसाइन सांगतो, पुढे डेरिव्हेटिव्ह म्हणून भेटणारी गोष्ट, ती या फरकांच्या उतरत्या रांगेत डोळ्यांना दिसते. शेवटचा फरक अवघा ७ आहे, कारण वर्तुळाच्या माथ्यावर बिंदू जवळजवळ आडवाच सरकतो.

सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने कोष्टकाशिवाय काम भागवणारी एक युक्ती दिली आहे. अंशांतला कोन आणि १८० मधून तो वजा करून उरलेला कोन यांचा गुणाकार करा. त्या गुणाकाराची चौपट घ्या आणि तिला ४०५०० वजा तोच गुणाकार याने भागा. ३७ अंशांसाठी गुणाकार ५२९१, चौपट २११६४, भाजक ३५२०९ आणि उत्तर ०.६०११. खरी किंमत ०.६०१८. तीस आणि नव्वद अंशांना तर उत्तर अचूक येतं. मला यात जास्त आवडतं ते वेगळंच: ३७ च्या जागी १४३ घातले तरी गुणाकार तोच राहतो. आपल्या आलेख कागदावर आरशात उमटलेली खूण सूत्राच्या रचनेतच शिरून बसली आहे.

दुसरे भास्कराचार्य महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचे. जन्म १११४, ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटणच्या ज्या शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांचं लक्ष वेधलं, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’तल्या ज्योत्पत्ती या भागात दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या, म्हणजे साइन, काढण्याचा नियम आहे. बेरजेसाठी आज आपण तो असा म्हणतो: पहिल्याचा साइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन, अधिक पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा साइन.

हा नियम लांबलचक वाटतो म्हणून मुलं तो गाळून थेट साइन अधिक साइन करून मोकळी होतात. त्यांना नुसतं ‘चूक’ म्हणून उपयोग नाही. ३७ आणि ५३ घेऊ. नुसती बेरीज केली तर ०.६ अधिक ०.८, म्हणजे १.४. पण वर्तुळाची उंचीच एक आहे, त्याबाहेर हा बिंदू जाणार कसा? आता नियमाने करा: ०.६ गुणिले ०.६ अधिक ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.३६ अधिक ०.६४, बरोबर एक. साइन ९० एक असतोच. आणि ही बेरीज म्हणजे पायथागोरसचं प्रमेय आहे हे एव्हाना लक्षात आलं असेल.

कॅल्क्युलेटरबद्दल थोडक्यात. बोर्डाच्या परीक्षेत तो चालत नाही, पण घरी सगळे वापरतात. साइन ३० दाबल्यावर उणे ०.९८८ आलं तर यंत्र बिघडलेलं नाही. ते रेडियनवर आहे आणि त्याने ३० रेडियन, म्हणजे पावणेपाच फेऱ्यांहून थोडं जास्त, फिरून तुम्हाला उत्तर दिलं आहे.

हे सगळं फिरणं कशासाठी, असं विचारणाऱ्याला शेतावरच्या मोटारीच्या स्टार्टरपर्यंत नेतो. ‘थ्री फेज आली’ हे वाक्य ऐकून रात्री-अपरात्री पाणी द्यायला उठणाऱ्या घरातल्या मुलाला या प्रकरणातली अर्धी गोष्ट आधीच माहीत असते. वीजकेंद्रातल्या जनित्रात चुंबक फिरतो आणि त्याच्या भोवती तारांची तीन वेटोळी एकमेकांपासून १२० अंशांवर बसवलेली असतात. प्रत्येक वेटोळ्यातला दाब साइनप्रमाणे वरखाली होतो, सेकंदाला ५० वेळा. तिन्हींची चाल तीच, फक्त एक दुसऱ्याच्या १२० अंश मागे. घरात येणारे २३० व्होल्ट हा त्या चढउताराचा एक प्रकारचा सरासरी आकडा आहे. लाटेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टवर असतो, म्हणजे २३० गुणिले √२.

आता तिन्ही फेजच्या साइनची बेरीज करा. एकीचा कोन ३० अंश असेल त्या क्षणी दुसरीचा १५० आणि तिसरीचा २७०. साइन ३० अर्धा, साइन १५० तोही अर्धा, साइन २७० उणे एक. बेरीज शून्य. कोणताही क्षण घ्या, शून्यच येईल. कारण ‘थीटा अधिक १२०’ आणि ‘थीटा अधिक २४०’ यांच्या साइनची बेरीज सूत्राने उणे साइन थीटा इतकी होते. तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर परतीच्या तारेतून, न्यूट्रलमधून, काहीच प्रवाह वाहत नाही, आणि तिन्हींवर सारखीच चालणाऱ्या मोटारीला न्यूट्रलची गरजच पडत नाही. दोन फेजमधला दाब मात्र २३० ची दुप्पट नसतो. दोन साइनच्या वजाबाकीत २ साइन ६०, म्हणजे √३ बाहेर पडतो आणि २३० गुणिले १.७३२ म्हणजे सुमारे ३९८. स्टार्टरच्या मीटरचा काटा ४०० च्या आसपास दिसतो तो या ६० अंशांच्या साइनमुळे. १५० आणि २७० अंशांचा कोन काटकोन त्रिकोणात बसत नाही म्हणून जे मूल अडलं होतं, त्याला तेच कोन इथे रोज राबताना दिसतील.

पुस्तिकेच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिली दोन प्रकरणं फक्त वर्तुळाची आणि कोनमापनाची आहेत, त्यांत एकही सूत्र चौकटीत छापलेलं नाही. बेरजेचा नियम तिसऱ्यात आकृतीने सिद्ध केला आहे आणि पुढची बहुतेक सूत्रं त्यातूनच काढली आहेत. व्यस्त फलनं मुद्दाम वगळली: साइन अर्धा असलेला कोन ३० ही आहे, १५० ही आणि ३९० ही, त्यांतला कोणता घ्यायचा हे ठरवायला स्वतंत्र जागा लागते. मोठ्या किमतींसाठी लॉग टेबलमधली कोष्टकं वापरली आहेत, कारण परीक्षेत तीच हाताशी असणार. उदाहरणांची उत्तरं शेवटी दिली आहेत. जिथे आकृती काढायला सांगितली आहे तिथे मात्र उत्तर छापलेलं नाही, ते आलेख कागदावरून मोजून घ्यायचं आहे आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर चालेल.